सरकारी पाळत आणि तुमचे हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेरे, फोन टॅपिंग, बोटांचे ठसे, जप्त झालेले मोबाइल. या विषयांवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारतातल्या कायद्याप्रमाणे आहेत आणि अर्ज-तक्रारींची पद्धत महाराष्ट्रातली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२३ हिला पुढे सगळीकडे ‘बीएनएसएस’ म्हटलं आहे. जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून हीच लागू झाली.

पाळतीची साधनं दर दोन वर्षांनी बदलतात, पण आदेश कुणाच्या तरी सहीनेच निघतो. म्हणून कोणत्या कलमाखाली, कोणाच्या सहीने आणि किती दिवसांसाठी, हे विचारायची सवय लावून घ्या.

१. चौकाचौकात पोलिसांचे कॅमेरे लागलेत. त्यासाठी काही कायदा आहे का?

सार्वजनिक जागेवरच्या पोलिसी कॅमेऱ्यांसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. कॅमेरा कुठे लावायचा, फुटेज किती दिवस ठेवायचं, कोणी पाहायचं, हे शासन निर्णय, निविदा आणि कंत्राटदाराशी झालेला करार यांतून ठरतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या शिफारशींनंतर मुंबईच्या प्रकल्पाची हालचाल सुरू झाली आणि २०१६ साली पहिल्या टप्प्यातले सुमारे ४,७०० कॅमेरे सुरू झाले. या सगळ्या काळात नागरिकाला फुटेज कसं मिळेल हे सांगणारा कायदा मात्र आला नाही.

तरीही सरकार मोकळं नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने ठरवलं. त्या हक्कावर बंधन आणायचं तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. कॅमेऱ्याविरुद्धची कोणतीही याचिका याच कसोट्यांवर उभी राहते, आणि बहुतेक प्रकल्प पहिल्याच कसोटीला अडखळतात.

२. साधा कॅमेरा आणि चेहरा ओळखणारा कॅमेरा, बाहेरून ओळखता येतो का?

नाही. कॅमेरा तोच असतो. चेहरा ओळखण्याचं काम मागच्या संगणकावर होतं, म्हणजे आज साधा असलेला कॅमेरा उद्या खांबाला हात न लावता चेहरे ओळखू लागतो. शिवाय ‘एआय कॅमेरा’ या एका नावाखाली निरनिराळी कामं चालतात. गर्दी मोजणारी यंत्रणा डोकी मोजते, नंबरप्लेट वाचणारी गाडी ओळखते, आणि तिसरी तुमचा चेहरा साठवलेल्या फोटोंशी ताडून पाहते. पंढरीच्या वारीत चेंगराचेंगरी टाळायला डोकी मोजणं वेगळं आणि त्याच वारीत प्रत्येक वारकऱ्याचा चेहरा नोंदवणं वेगळं.

तुमच्या शहरात काय चालतं हे माहिती अधिकारात विचारा, पण ‘एआय वापरता का’ असं मोघम विचारू नका. चेहरा पडताळणीचं सॉफ्टवेअर आहे का, त्यात कोणाचे फोटो साठवले आहेत, जुळणी मानण्याची टक्केवारी किती, आणि वापराचा लेखी आदेश कोणाचा, अशा चार मुद्द्यांत विचारा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द इतकीच मुभा आहे, तेव्हा पाल्हाळ नको.

३. यंत्र म्हणालं ‘चेहरा जुळला’. तेवढ्यावर अटक होऊ शकते?

जुळणी हा फक्त धागा आहे. यंत्र नाव सांगत नाही, साम्याचा आकडा देतं, आणि किती टक्क्यांना ‘जुळलं’ म्हणायचं ते माणूस ठरवतो. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितलं की ८० टक्क्यांवरची जुळणी ते होकारार्थी धरतात. हा आकडा कुठल्याही कायद्यातून आलेला नाही. अंधुक प्रकाश, वरून तिरका लावलेला कॅमेरा, दहा वर्षांपूर्वीचा फोटो, यांतल्या कशानेही चूक वाढते. आणि यादीत लाखो चेहरे असतील तर चुकीच्या जुळण्यांची संख्याही त्या मानाने वाढते.

तुमचं नाव असं आलं असेल तर वकिलामार्फत मूळ फुटेज, यंत्राने दाखवलेले सगळे पर्यायी चेहरे आणि त्यांचे आकडे मागा. यंत्राने दहा चेहरे दाखवले आणि तुमचा सातवा होता, ही गोष्ट आरोपपत्रात कोणी आपणहून लिहिणार नाही.

हेही लक्षात ठेवा की दिल्लीत ही यंत्रणा आधी हरवलेली मुलं शोधण्यासाठी आणली गेली. पुढे ती आंदोलनं आणि दंगलींच्या तपासात वापरली गेली. म्हणून खरेदीच्या वेळी सांगितलेला हेतू आणि आजचा वापर, दोन्ही लेखी मागावेत.

४. नाक्यावर पोलिसांनी थांबवून माझा फोटो काढला. नकार देता येतो का?

तुम्हाला अटक झालेली नसेल, दंडाधिकाऱ्याचा आदेश नसेल, तर निव्वळ रस्त्याने जाणाऱ्या माणसाने फोटोसाठी उभं राहावं असं सांगणारं कलम फौजदारी ओळख कायद्यात नाही (पुढचा प्रश्न पाहा). हैदराबादमध्ये २०२१ साली एका कार्यकर्त्याला रस्त्यात अडवून, मास्क काढायला सांगून पोलिसांनी फोटो घेतला. त्यावरून तेलंगणा उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली.

नाक्यावर वाद घालू नका. शांतपणे विचारा, “साहेब, कोणत्या कलमाखाली फोटो घेताय? नोंद कुठे होणार?” अधिकाऱ्याचं नाव छातीवरच्या पट्टीवरून वाचून घ्या, गाडीचा क्रमांक, वेळ आणि जागा लिहून ठेवा. नंतर पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षकांना लेखी पत्र द्या. धक्काबुक्की झाली तर ‘सरकारी कामात अडथळा’ लावला जातो आणि मूळ मुद्दा मागे पडतो.

५. मोर्च्यात धरपकड झाली तर बोटांचे ठसे, डोळ्यांचं स्कॅन द्यावंच लागतं का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि इथे एक सूट आहे जी फार कमी लोकांना ठाऊक असते.

फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा २०२२ हा ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार कोणत्याही गुन्ह्यात अटक झालेल्या माणसाचे बोटांचे, तळहाताचे, तळपायाचे ठसे, फोटो, बुबुळ व डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन, सही, हस्ताक्षर अशी ‘मापं’ घेता येतात. ती घेण्याचा अधिकार हेड कॉन्स्टेबल आणि त्यावरच्या दर्जाला आहे. नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षं राहतात. ‘मापं घेण्यास विरोध’ हाही गुन्हा ठरतो. रक्त, लाळ असे जैविक नमुने मात्र तुमच्या मर्जीविरुद्ध सरसकट घेता येत नाहीत. गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा असावा, किंवा त्याला किमान ७ वर्षांची शिक्षा असावी.

आता ती सूट. याच कायद्याखालच्या २०२२ च्या नियमांनुसार, केवळ जमावबंदीचा आदेश मोडल्याचा आरोप असेल (जुनं कलम १४४, आता बीएनएसएसचं १६३), किंवा केवळ प्रतिबंधात्मक अटक असेल (जुनं १५१, आता १७०), तर मापं घ्यायची नाहीत. सोबत दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात आरोप किंवा अटक असेल तरच घेता येतात. म्हणून अटकेची कारणं लेखी मागा आणि कलमं वाचा. गोची अशी होते की संध्याकाळपर्यंत कागदावर बेकायदा जमावाचं कलम चढतं आणि सूट संपते. ठसे कधी घेतले आणि कलम कधी वाढलं, या दोन वेळा सोबतच्या कोणीतरी टिपून ठेवाव्यात. फरक अर्ध्या तासाचा असला तरी वकिलाला तो उपयोगी पडतो.

६. मी निर्दोष सुटलो. माझ्या नोंदी आपोआप पुसल्या जातील ना?

कायदा म्हणतो पुसाव्यात. पण तुम्ही मागे लागल्याशिवाय ते होईल असं धरून चालू नका. आधी कधीच शिक्षा झालेली नसेल आणि या प्रकरणात खटल्याविना सुटका, दोषमुक्ती किंवा निर्दोष मुक्तता झाली असेल, तर अपिलाचे सगळे मार्ग संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. न्यायालयाने लेखी कारणं देऊन ठेवायला सांगितल्या असतील तर गोष्ट वेगळी.

निकालाची प्रमाणित प्रत घ्या. अपील झालेलं नाही किंवा फेटाळलं गेलं याचा कागद जोडा. अर्ज राज्य सरकारने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे जातो, तो दुसऱ्या गुन्ह्याशी संबंध नाही हे तपासून राष्ट्रीय विभागाला शिफारस करतो. अर्जात तिन्ही ठिकाणं लिहा: पोलीस ठाण्याचा अभिलेख, राज्याची ठशांची यंत्रणा आणि राष्ट्रीय साठा. एकच लिहिलं तर एकाच ठिकाणचं पुसल्याचं उत्तर हातात पडतं.

७. पोलीस म्हणतात ‘फोन दाखव, लॉक उघड’. उघडावा का?

रस्त्यावर सहज तपासणी म्हणून कोणाचाही फोन चाळण्याचा सर्वसाधारण अधिकार पोलिसांना नाही. तपासासाठी वस्तू मागवायची तर बीएनएसएसच्या कलम ९४ ची लेखी नोटीस असते. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कलम १८५ प्रमाणे अधिकाऱ्याने आधी कारणं लिहून ठेवायची असतात आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची असते.

पासवर्डचा मुद्दा अजून पक्का झालेला नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण १९६१ च्या कथी कालू ओघड निकालाप्रमाणे बोटाचे ठसे आणि हस्ताक्षर ही ‘साक्ष’ नव्हे. पासवर्ड डोक्यातली माहिती आहे, मग तो साक्ष ठरतो की किल्ली? कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो साक्षीत मोडत नाही असं म्हटलं, तर दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये आरोपीवर सक्ती करता येणार नाही असं ठरवलं. व्यवहारात याचा अर्थ असा, की बोटाने किंवा चेहऱ्याने उघडणाऱ्या फोनपेक्षा सहा अंकी पिन असलेला फोन कायद्याच्या दृष्टीनेही जास्त सुरक्षित. ‘वकिलांशी बोलून सांगतो’ हे उत्तर देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फोनमधला मजकूर घाईघाईने पुसू मात्र नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा लागतो.

८. फोन जप्त झाला. पंचनाम्यात काय तपासायचं?

सही करण्याआधी पंचनामा वाचा. त्यात या गोष्टी हव्यात: फोनची कंपनी व मॉडेल, दोन्ही आयएमईआय क्रमांक (हँडसेटची ओळख सांगणारे), सिम आणि मेमरी कार्ड वेगळे नोंदवलेले, फोन चालू होता की बंद, आणि पाकिटावर लावलेल्या सीलचं वर्णन. बीएनएसएसच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जायला हवं. चित्रीकरण झालं नाही तर ‘चित्रीकरण झाले नाही’ एवढी ओळ सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा.

हॅश व्हॅल्यू मागा. हॅश म्हणजे त्या क्षणी फोनमध्ये असलेल्या डेटाची गणिती खूण. नंतर एक अक्षर जरी बदललं तरी हॅश बदलते. ती जप्तीच्या दिवशी नोंदवली नाही, तर फोन पोलिसांच्या ताब्यात असताना त्यात काही घातलं का, हे सिद्ध करणं दोन्ही बाजूंना अवघड जातं. डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रातही हॅशचा रकाना आहे. हे प्रमाणपत्र (तेव्हा जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं) टाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ज्या खटल्यात ठासून सांगितलं, तो जालन्याच्या निवडणुकीचा, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातला होता.

फोन परत हवा तर न्यायालयात मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा (बीएनएसएसचं कलम ४९७ किंवा ५०३). डेटाची प्रत काढून झाली असेल तर मूळ फोन अडकवून ठेवण्याची गरज काय, हाच युक्तिवाद सर्वात जास्त चालतो.

९. फोन टॅप करायची परवानगी कोण देतं?

राज्यात गृह सचिव, केंद्रात केंद्रीय गृह सचिव. पोलीस निरीक्षक किंवा आयुक्त स्वतःच्या सहीने टॅपिंग सुरू करू शकत नाहीत. तातडीच्या प्रसंगी आधी सुरू करण्याची सोय आहे, पण कामकाजाच्या सात दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर ते थांबवावं लागतं आणि मिळालेला मजकूर नष्ट करावा लागतो. आदेश ६० दिवसांचा असतो, वाढवत नेला तरी एकूण १८० दिवसांपलीकडे जात नाही. राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती आदेश तपासते.

ही चौकट पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) या संघटनेच्या याचिकेवरच्या १९९६ च्या निकालातून आली आणि पुढे टेलिग्राफ नियम ४१९-अ मध्ये बसवली गेली. आता दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम २०(२) खालचे डिसेंबर २०२४ चे नियम तिच्या जागी आहेत. ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ ही पायाभूत अट तेव्हाही होती, आजही आहे. सगळ्यात मोठी उणीव अशी की या साखळीत न्यायाधीश कुठेच नाही. आदेश काढणारे आणि तपासणारे, दोघेही सरकारचेच अधिकारी.

१०. माझा फोन टॅप होतोय हे मला कसं कळेल? बॅटरी लवकर उतरते, आवाजात खरखर येते.

खरखर आणि बॅटरीवरून काहीच कळत नाही. सरकारी टॅपिंग दूरसंचार कंपनीच्या यंत्रणेत होतं, तुमच्या फोनला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘स्टार-हॅश-२१-हॅश’ डायल केल्यावर दिसते ती फक्त कॉल फॉरवर्डिंगची स्थिती. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो संदेश चुकीचा आहे.

माहिती अधिकारातही उत्तर मिळण्याची आशा कमी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये टॅपिंगचा तपशील राष्ट्रीय सुरक्षेच्या अपवादात धरला. बहुतेकांना कळतं ते आरोपपत्राबरोबर संभाषणाचा लिखित उतारा जोडला जातो तेव्हाच.

फोनमध्ये शिरणारं हेरगिरी सॉफ्टवेअर ही वेगळी गोष्ट. पेगासस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तांत्रिक समिती नेमली. तिने २९ फोन तपासले, ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच होतं असा निष्कर्ष निघाला नाही. केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, असंही समितीने नोंदवल्याचं न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं. तुम्ही पत्रकार, वकील किंवा कार्यकर्ते असाल आणि अ‍ॅपलकडून धोक्याची सूचना आली, तर फोन रीसेट करू नका, कारण खुणा पुसल्या जातात. आधी जाणकाराकडून बॅकअप तपासून घ्या, मग आयफोनचा ‘लॉकडाउन मोड’ चालू करा.

११. टॅपिंग बेकायदा ठरलं तर ते संभाषण कोर्टात बाद होतं का?

नेहमी नाही. १९७२ च्या आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालापासून, पुरावा गैरमार्गाने मिळाला एवढ्यावरून तो बाद होत नाही अशी भूमिका चालत आली. पण २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. सार्वजनिक सुरक्षिततेची अट पुरी होत नाही, म्हणून तो मजकूर नष्ट करा, असा आदेश दिला. तेव्हा आधी मूळ आदेशाची प्रत मागा आणि त्यात कारण लिहिलंय की कलमाची भाषा नुसती उतरवून काढलीय ते पाहा. नुसत्या उताऱ्यासारखा आदेश हीच बचावाची सर्वात भक्कम जागा.

१२. सीडीआर म्हणजे टॅपिंगच का?

नाही. सीडीआर म्हणजे कॉलच्या तपशिलाची नोंद. तीत कोणी, कोणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि कुठल्या टॉवरवरून केला एवढंच असतं, बोलणं नसतं. म्हणून गृह सचिवांची परवानगी लागत नाही, सीडीआर बीएनएसएसच्या कलम ९४ खाली मागवला जातो. तरी माणसाचं आयुष्य त्यातून उघडं पडतं: रात्री कुठे झोपतो, कोणत्या डॉक्टरकडे जातो, कुठल्या वकिलाला फोन करतो. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात.

सीडीआर बाहेर विकलेही जातात. ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये खासगी गुप्तहेरांचं असं जाळं पकडलं होतं. नवरा-बायकोच्या भांडणात, धंद्यातल्या वादात समोरच्याकडे तुमचा सीडीआर दिसला, तर तो कायदेशीर मार्गाने खासगी माणसाच्या हाती येऊच शकत नाही. तडक सायबर पोलिसांकडे तक्रार करा.

१३. पोलीस ठाण्यात मारहाण झाली. तिथलं फुटेज कसं मिळवायचं?

इथे वेळ सर्वात मोलाची. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे, रात्रीही दिसणारे कॅमेरे लावायला सांगितले. प्रवेशद्वारं, कोठडी, व्हरांडा, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, स्वच्छतागृहाच्या बाहेरची जागा, सगळीकडे. चित्रण १८ महिने ठेवायचं, तेवढी सोय नसेल तर जास्तीत जास्त काळ, पण एक वर्षापेक्षा कमी नाही. सीबीआय, एनआयए, ईडी यांची कार्यालयंही यात येतात.

सुटका झाल्याच्या दिवशीच, निदान दुसऱ्या दिवशी, वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना पत्र द्या आणि प्रत उपायुक्त किंवा अधीक्षकांना पाठवा. पत्र असं:

“दि. ____ रोजी सकाळी/दुपारी ____ ते ____ या वेळेत मी आपल्या पोलीस ठाण्यात होतो. त्या वेळेतील प्रवेशद्वार, व्हरांडा, कोठडी व तपास अधिकाऱ्यांच्या कक्षातील सर्व कॅमेऱ्यांचे ध्वनिचित्रण जतन करावे, ते पुसले जाऊ नये. प्रत मिळण्यासाठी स्वतंत्र अर्ज करीत आहे.”

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. पोच देत नसतील तर पत्र तिथेच न सोडता टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. मग माहिती अधिकाराचा अर्ज, जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराला ३० दिवस असतात, पण जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. अर्जाच्या डोक्यावरच तसं ठळक लिहा. इजा गंभीर असेल तर राज्य मानवी हक्क आयोगाकडेही लगेच जा, त्यांना फुटेज मागवून सुरक्षित ठेवता येतं.

‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर आलं तर तिथे थांबू नका. कोणत्या तारखेपासून बंद, दुरुस्तीसाठी कोणाला कळवलं, त्या नोंदीची प्रत, हे मागा. कॅमेरा चालू ठेवण्याची जबाबदारी त्या निकालाने ठाणेप्रमुखावर टाकली आहे.

१४. चौकातल्या अपघाताचं, भांडणाचं फुटेज हवं आहे. तीच पद्धत का?

पत्र तसंच, घाई दुप्पट. चौकातल्या कॅमेऱ्यांना वर्षभराचा नियम लागू नाही आणि जुन्या चित्रणावर काही आठवड्यांतच नवं चढतं. खांबावरचा क्रमांक, जवळचं दुकान आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा. ‘चौकातलं फुटेज’ एवढंच लिहिलं की ‘आढळून येत नाही’ असं उत्तर येतं. इतरांचे चेहरे दिसतात म्हणून नकार आला, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० चा आधार घ्या: ते चेहरे धूसर करून उरलेलं द्या.

१५. पोलीस ठाण्यात मीच मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं तर?

शासकीय गुपिते अधिनियमाखाली तो गुन्हा होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं की पोलीस ठाणं त्या कायद्यातली ‘प्रतिबंधित जागा’ नाही. पण लैंगिक गुन्ह्यातली पीडित स्त्री किंवा बालक चित्रात येऊ देऊ नका. त्यांची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे.

१६. पोलिसांनी सोसायटीचं फुटेज मागितलंय. आणि कॅमेऱ्याची जोडणी कायमची मागतायत.

या दोन मागण्या वेगळ्या आहेत. एखाद्या गुन्ह्याच्या तपासासाठी कलम ९४ ची लेखी नोटीस आली तर फुटेज द्यावं लागतं. नोटिशीत तारीख आणि वेळ असावी, तेवढाच तुकडा द्यावा, आणि दिल्याची पोच घ्यावी. पूर्ण डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) नेत असतील तर अनुक्रमांकासह पंचनामा हवाच. चोवीस तासांची थेट जोडणी कलम ९४ मध्ये बसत नाही. ती द्यायची की नाही हे सर्वसाधारण सभेत ठराव करून ठरवा.

एक नेहमी चुकणारी गोष्ट: डीव्हीआरचं घड्याळ. आतला बटणासारखा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि फुटेजवर कुठलीतरी भलतीच तारीख उमटते. देण्याआधी डीव्हीआरची वेळ मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहा, फरक किती मिनिटांचा ते पत्रात लिहा. नाहीतर निरपराध माणूस दहा मिनिटांच्या फरकाने चुकीच्या जागी ‘हजर’ ठरतो.

१७. आता डेटा संरक्षण कायदा आलाय ना? मग सरकारला चाप बसला का?

थोडकाच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातली मुख्य बंधनं १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. पण गुन्ह्याचा तपास आणि प्रतिबंध यांना बहुतेक तरतुदींतून सूट आहे आणि केंद्राला हवी ती सरकारी यंत्रणा अधिसूचनेने संपूर्ण बाहेर ठेवता येते.

उलट एक दार अरुंद झालं. याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी व्यापक जनहित दाखवलं की वैयक्तिक माहिती त्याच कलमाखाली मिळू शकत होती, आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं कारण पुरतं. कलम ८(२) मात्र शाबूत आहे: जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. पहिल्या अपिलात (३० दिवसांच्या आत, २० रुपयांचा स्टॅम्प) ८(२) चा उल्लेख करून जनहित कोणतं ते दोन ओळींत मांडा.

१८. अंगणवाडीत चेहरा जुळत नाही म्हणून पोषण आहार अडला. सफाई कामगारांना जीपीएस घड्याळं घालायला लावतात. ही पण पाळतच ना?

होय, आणि तिचा फटका सर्वात आधी गरिबांना बसतो. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अ‍ॅपवर घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणी १ जुलै २०२५ पासून सक्तीची झाली. अडतं ते नेहमीच्या ठिकाणी: आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा, त्यामुळे ओटीपी शेतात किंवा परगावी जातो, आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, गावात रेंज नाही. गरोदर व स्तनदा माता आणि बालकांचा आहार हा अन्नसुरक्षा कायदा २०१३ मधला हक्क आहे. आधार नाही म्हणून बालकाला लाभ नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटलं आहे. सेविकेशी भांडू नका, ती स्वतःच अ‍ॅपमुळे जेरीस आलेली असते. आहार न मिळाल्याची तारीख आणि कारण लिहून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या.

जीपीएस घड्याळ नागपूर महापालिकेत वापरलं गेलं. घड्याळ चार्ज नाही किंवा सिग्नल गेला म्हणून पगार कापला जातो, अशा तक्रारी कामगारांनी केल्या. कपातीचं कारण लेखी मागा, हजेरीपुस्तकाची प्रत मागा, आणि कामाच्या वेळेनंतर घड्याळ काढून ठेवण्याचा मुद्दा युनियनच्या मागणीपत्रात घाला.

१९. जामीन देताना ‘गुगल मॅपवर लोकेशन पोलिसांना पाठवत राहा’ अशी अट घातलीय. पाळावी लागेल?

अट आहे तोवर पाळा, पण लगेच आव्हान द्या. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या एका खटल्यात अशी अट रद्द केली. आरोपीच्या हालचालींवर सतत नजर ठेवायला लावणारी अट अनुच्छेद २१ मधल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असं त्यात म्हटलं आहे. अट घालणाऱ्या न्यायालयातच फेरबदलाचा अर्ज करा आणि निकालाची प्रत जोडा. ठराविक वारी पोलीस ठाण्यात हजेरी देण्याचा पर्याय स्वतःहून सुचवला तर अर्ज सहसा लवकर मार्गी लागतो.

२०. विमानतळावर डिजियात्रा सक्तीची आहे का?

नाही, चेहरा पडताळून आत सोडणारी ही सोय ऐच्छिक आहे. पुणे आणि मुंबईतही तिकीट व ओळखपत्र दाखवून जायची रांग असते. दारावर कोणी कॅमेऱ्यासमोर उभं करून ‘फक्त फोटो’ म्हणालं तर आधी विचारा, ही डिजियात्राची नोंदणी आहे का, आणि नको असेल तर साध्या रांगेत जा.

२१. तक्रार कुठे करायची, आणि किती दिवसांत?

पोलिसांच्या गैरवर्तनासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. हक्कभंगासाठी राज्य मानवी हक्क आयोग, घटनेपासून एक वर्षाच्या आत. बेकायदा टॅपिंगसाठी पोलीस तक्रार. दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती अधिकारात दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. संपूर्ण यंत्रणेलाच आव्हान द्यायचं तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय. तिथे जाण्याआधी पोच असलेलं पत्र आणि माहिती अधिकाराचं उत्तर, निदान नकाराचं तरी, हातात असू द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.